विश्लेषण : कोड चालला, पण वृत्तीला गुण कसे द्यायचे?

फोक्सवॅगनच्या डिझेल मोटारींतील एक सॉफ्टवेअर २०१५ मध्ये जगभर गाजले. प्रदूषण चाचणी सुरू असल्याचे ओळखून ते तेवढ्यापुरते उत्सर्जन कमी करायचे. सुमारे १ कोटी १० लाख मोटारींत ते होते. २०१७ मध्ये कंपनीच्या एका अभियंत्याला अमेरिकेत ४० महिन्यांची कैद झाली. कोड बिनचूक चालत होता. चुकला होता तो तो लिहिण्याचा निर्णय. म्हणूनच संगणक अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांची व्यावसायिक वृत्ती तपासण्याचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

वृत्ती म्हणजे नेमके काय?

एसीएम आणि आयईईई कॉम्प्युटर सोसायटी यांच्या ‘कॉम्प्युटिंग करिक्युला २०२०’ अहवालानुसार सक्षमता म्हणजे ज्ञान, कौशल्य आणि वृत्ती यांचा मेळ. त्यात ११ वृत्ती दिल्या आहेत. जबाबदारी, काटेकोरपणा, सहकार्य, जुळवून घेण्याची तयारी या त्यांपैकी काही.

भारतात काय स्थिती?

भारत जून २०१४ मध्ये वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य झाला. एनबीए मानांकन हवे असलेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांना नैतिकता, संघकार्य, संवाद हे गुणही विद्यार्थ्यांत रुजल्याचे पुराव्यानिशी दाखवावे लागते.

मोजायचे कसे?

‘सहकाऱ्याने कोड चोरला तर काय कराल?’ या प्रश्नाचे ‘योग्य’ उत्तर परीक्षेत सगळेच लिहितात. त्यामुळे बोलण्यापेक्षा वागणे तपासावे लागते. गट प्रकल्पात गिटवरील नोंदी, कोड रिव्ह्यूमधील शेरे, सहकाऱ्यांनी केलेले मूल्यमापन यांतून ते दिसते. निकषही मोघम नकोत. ‘जबाबदार आहे’ याऐवजी ‘काम अडले तर मुदतीआधी गटाला कळवतो’ असा निकष असेल, तर दोन परीक्षकांचे गुण जवळपास जुळण्याची शक्यता वाढते.

धोके कोणते?

गिटवरील नोंदी फुगवता येतात. मित्र मित्राला गुण देतो. अबोल किंवा इंग्रजीत अडखळणारा विद्यार्थी निरुत्साही समजला जाऊ शकतो. म्हणून एकाच पुराव्यावर विसंबणे अन्यायकारक ठरते.

मग उपाय काय?

निकष सत्राच्या सुरुवातीलाच सांगणे आणि मध्यावर अभिप्राय देणे. वृत्ती बदलू शकते, पण त्यासाठी वेळ लागतो. शेवटच्या दिवशीच्या दहा मिनिटांच्या तोंडी परीक्षेत उणीव कळली, तर गुण कापता येतात. सुधारण्याची संधी मात्र गेलेली असते.