तारप्याला अंगण हवं

गवत कापणीच्या मजुरीचा भाव हा इंग्रज सरकारने गोळ्या झाडण्याचा विषय होऊ शकतो, हे आज सांगूनही पटत नाही. पण १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला जमलेल्या वारली आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे ठार झाले. मागणी होती पाचशे पौंड गवत कापायला अडीच रुपये.

त्याच वर्षी २३ मे रोजी झरी गावात हजारो वारली लाल बावट्याखाली जमले होते. शामराव आणि गोदावरी परुळेकर किसान सभेचं काम करत होते. वेठ करायची नाही, लग्नगडी राहायचं नाही, असं तिथे ठरलं. लग्नासाठी सावकाराकडून कर्ज घेतलं की नवरा-बायको दोघंही त्याच्याकडे राबायची. कर्ज फिटायचं नाही, माणूस सुटायचा नाही. म्हणजे ज्या मांडवात धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, देवीची गाणी गायची, तिथेच गुलामीचीही सुरुवात व्हायची. डहाणू-तलासरीचं संगीत आणि तिथला लढा संग्रहालयाच्या वेगवेगळ्या दालनांत मांडता येत नाहीत, ते यामुळे.

वारल्यांचं फुंकून वाजवायचं वाद्य म्हणजे तारपा. काचेच्या कपाटातला तारपा बघून त्याची घडण समजते: सुकवलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाच्या पानाचा कर्णा, मेणाने बुजवलेले सांधे. वाजवणारा गालात हवा साठवून नाकाने श्वास घेत राहतो, म्हणून सूर तुटत नाही. पण हे काही बसून ऐकायचं वाद्य नव्हे. वादक चालत राहतो, नाचणारे कमरेत हात गुंफून त्याच्यामागे वळसे घेतात, आणि चाल बदलली की पावलंही बदलतात. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी (पद्मश्री, २०११) चित्रांतून हेच रिंगण जगभर पोचवलं. चित्राला भिंत पुरते. नाचाला अंगण लागतं.

तारपा हे मुळात बंडाचं वाद्य नाही, हेही सांगायला हवं. ते नव्या भाताचं वाद्य आहे. पावसाळा संपता संपता तारपा बाहेर निघतो आणि तोच हंगाम गवत कापणीचा. अडीच रुपये मजुरीच्या संपासाठी वारल्यांनी निवडलेला काळही हाच होता, कारण गवत उभं राहिलं तर जमीनदाराचं नुकसान होतं.

आदिवासी उठावांची आठवण आता संग्रहालयांत जपली जाते. रांचीच्या ज्या तुरुंगात १९०० साली उठावाचे नेते बिरसा मुंडा यांचा मृत्यू झाला, तिथे २०२१ पासून संग्रहालय आहे. पुण्यातल्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेच्या संग्रहालयातही वारली जगणं मांडलेलं आहे. मात्र वारल्यांच्या उठावाचा इतिहास वाचायचा तर अजूनही गोदावरीबाईंचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हेच पुस्तक उघडावं लागतं. त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ऐकायचा इतिहास मात्र वाड्या-पाड्यांवरच राहिला.

हल्ली तारपा नाच बोलावला जातो तो पाहुण्यांच्या स्वागताला, दहा मिनिटांसाठी. त्यापेक्षा एखाद्या संग्रहालयाने आपलं आवार एका रात्रीसाठी मोकळं करावं, वादकांना कलावंताचं मानधन द्यावं, घांगळी या तंतुवाद्यावर भगताला कणसरी या धान्यदेवतेची गाणी म्हणू द्यावीत आणि मधल्या वेळात झरी-तलवाड्याची हकिगत सांगावी. तारीख शोधायची गरज नाही. किसान सभा दरवर्षी १० ऑक्टोबरला तलासरी भागात हुतात्मा दिन पाळतेच.