आठ अक्षरांत मावेल ते नाव

सीडी ही वस्तू आता मागे पडली. नव्या लॅपटॉपला तिच्यासाठी जागा नसते, गाडीतही पेनड्राइव्ह आला. पण २००० नंतरच्या सात-आठ वर्षांत ज्यांनी कॅसेटवरची भाषणं, कविसंमेलनं, मुशायरे सीडीवर उतरवून घेतले, त्यांच्या कपाटात त्या चकत्यांच्या चळती अजून आहेत. त्यातली एखादी आज लावून बघा. आवाज ठीक असेल तर नशीब. नावं मात्र अनेकदा तोडलेली दिसतात. 'कविसम्म' नावाची एक फाइल, आणि शेपटीला एक, दोन, तीन असे आकडे लावलेली तिची भावंडं. कुणाची कविता कुठे आहे, काही पत्ता लागत नाही.

हे असं का झालं?

सीडीवर माहिती लिहिण्याला 'बर्निंग', म्हणजे जाळणं, म्हणतात. हा शब्द नुसता अलंकार नाही. कोऱ्या सीडीत रंगद्रव्याचा एक पातळ थर असतो. लेझरच्या उष्णतेनं त्यावर खुणा उमटतात आणि त्या पुन्हा पुसता येत नाहीत. (या कामासाठी जर्मनीत तयार झालेल्या एका प्रसिद्ध प्रोग्रामचं नाव होतं 'नीरो बर्निंग रॉम'. रोम जळत असताना फिडल वाजवत बसल्याची दंतकथा ज्याच्याबद्दल सांगतात तो नीरो! विनोदबुद्धी संगणकवाल्यांनाही असते.) हार्ड डिस्कवर नाव चुकलं तर बदलता येतं. एकदाच लिहिता येणाऱ्या सीडीवर जे नाव भाजलं गेलं, ते तसंच राहतं.

आता नियम कुणी केला ते पाहू. सीडी सुरुवातीला गाण्यांसाठी आली, १९८२ साली. तिच्यावर संगणकाच्या फाइली ठेवायची कल्पना पुढे आली तेव्हा जो तो आपापल्या पद्धतीनं ठेवू लागला. एका यंत्रावरची चकती दुसरं यंत्र वाचेना. म्हणून १९८५ साली अमेरिकेत लेक टाहोजवळच्या 'हाय सिएरा' नावाच्या हॉटेलात कंपन्यांची माणसं जमली. मायक्रोसॉफ्ट, ॲपल, सोनी, फिलिप्स असे सगळे त्यात होते. त्यांनी जो मसुदा केला, त्यावरून १९८८ साली आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरलं. त्याचं नाव आयएसओ ९६६०.

या प्रमाणाची सर्वांत कडक पायरी अशी: फाइलचं नाव आठ अक्षरांचं, मग टिंब, मग प्रकार सांगणारी तीन अक्षरं. अक्षरं म्हणजे फक्त मोठी रोमन अक्षरं, शून्य ते नऊ आकडे आणि एक खालची रेघ. मध्ये मोकळी जागा नाही, प्रश्नचिन्ह नाही. खणात खण ठेवायचे तर तेही आठ पातळ्यांपर्यंतच. दुसऱ्या पायरीवर नावाला एकतीस अक्षरांपर्यंत मुभा मिळाली, पण लिपी तीच.

हा नियम मूर्खपणाचा होता असं मला वाटत नाही. त्या काळी घरोघरच्या संगणकांवर डॉस होतं आणि डॉसला आठ अधिक तीन एवढंच कळत होतं. सर्वांत अडाणी यंत्रालाही वाचता यावी अशी चकती करायची, तर त्याच्याच भाषेत बोलायला हवं. पंक्तीतल्या सर्वांत लहान मुलाला झेपेल एवढंच तिखट घालावं, तसं हे. माझी तक्रार वेगळी आहे. ही आठ अक्षरं मोजताना कुणाची नावं डोळ्यांसमोर होती?

आता बघा. 'मुहम्मद' हे नाव रोमन लिपीत लिहा. एम, यू, एच, ए, एम, एम, ए, डी. बरोबर आठ. म्हणजे ज्याच्या नावाची सुरुवात मुहम्मदनं होते, त्याचं स्वतःचं नाव सुरू व्हायच्या आधीच जागा संपली. अब्दुलरहमान आणि अब्दुलरहीम हे दोन वेगळे कवी. रोमनमध्ये दोघांची पहिली आठ अक्षरं तीच आहेत, पुढची कापली की दोघे एक होतात. आणि हे आमच्याच नावांचं दुखणं नाही. ज्ञानेश, ज्ञानेश्वर आणि ज्ञानेश्वरी, तिघांची रोमन अक्षरं आठवर तोडली की उरतो नुसता 'ज्ञानेश'. कातरी नेहमी शेपटीकडून चालते. आपण मात्र वेगळेपण शेपटीलाच ठेवतो: आधी कार्यक्रमाचं नाव, मग गावाचं, मग साल, शेवटी कवीचं. सगळ्यांचं सारखं असतं ते राहतं, एकेकाचं असतं ते जातं. प्रोग्राम मग दोन फाइलींचं एकच नाव होऊ नये म्हणून आकडे चिकटवतो आणि आपलं काम झालं म्हणतो.

१९९५ साली मायक्रोसॉफ्टनं 'जोलिएट' नावाची जोड दिली. जुन्या यादीला धक्का न लावता, त्याच चकतीवर नावांची दुसरी यादी लिहायची अशी ही युक्ती. तिच्यात नावाला चौसष्ट अक्षरं मिळाली, आणि ती युनिकोडमधली असल्यामुळे देवनागरीलाही दार उघडलं. आपल्याकडे त्या काळात बरंचसं मराठी काम वेगवेगळ्या फॉन्टांवर चालायचं, त्यामुळे फाइलींची नावं रोमनमध्येच राहिली, हा भाग निराळा.

पण ज्यांनी देवनागरीत नावं दिली, त्यांच्यापुढे एक नवीच गंमत उभी राहिली. चौसष्ट अक्षरं म्हणजे कुणाची मोजणी? कवी अक्षरं मोजतो, मात्रा मोजतो, लघू-गुरू बघतो. यंत्र यातलं काही मोजत नाही. त्याच्या लेखी काना एक, वेलांटी एक, अनुस्वार एक आणि जोडाक्षरातला न दिसणारा हलन्त, तोही एक. 'ज्ञानेश्वरी'त डोळ्यांना चार अक्षरं दिसतात, यंत्र अकरा मोजतं. 'ज्येष्ठ कवींचे काव्यवाचन' यात आपल्याला दहा अक्षरं आणि दोन मोकळ्या जागा दिसतात. यंत्राचा हिशेब चोवीस. बरोबर दुप्पट! याउलट 'मोहब्बत' हा शब्द उर्दू लिपीत मीम, हे, बे, ते अशा चार अक्षरांत लिहून होतो, आणि देवनागरीत त्याची सात होतात. उर्दूत ऱ्हस्व स्वर लिहायचे नसतात, त्याचा असा फायदा. चौसष्टाव्या ठिकाणी कातरी जोडाक्षराच्या मध्येच पडली, तर शेवटचं अक्षर पाय मोडून लोंबकळत राहतं.

युनिक्स यंत्रांसाठी 'रॉक रिज' नावाची आणखी एक जोड होती. 'ब्लेझिंग सॅडल्स' या १९७४ सालच्या विनोदी चित्रपटातल्या गावावरून ते नाव घेतलं. तिथे मर्यादा २५५ बाइटची, पण आज प्रचलित असलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, म्हणजे आपल्या वाट्याला पंच्याऐंशी. डीव्हीडीबरोबर रुळलेल्या यूडीएफ पद्धतीत इंग्रजी नावाला २५४ आणि देवनागरीला १२७. मर्यादा प्रत्येक वेळी वाढली, आणि आपल्याला ती प्रत्येक वेळी इतरांपेक्षा कमी मिळाली.

यात काही डाव नाही. पण घर बांधताना तुम्ही तिथे नसलात, तर दाराची उंची तुमच्या मापानं होत नाही.

मग आता कपाटातल्या चकत्यांचं काय करायचं? आधी त्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्या, थांबू नका, कारण तो रंगद्रव्याचा थर कायमचा टिकत नाही. मी वर म्हटलं तसं एकाच चकतीवर दोन-तीन याद्या असू शकतात. एका यंत्रावर नावं तुटकी दिसली तर दुसऱ्यावर, विशेषतः लिनक्सवर, लावून बघा. पूर्ण नावं दुसऱ्या यादीत सुखरूप असण्याची शक्यता असते. एमपीथ्री फाइलच्या पोटातही गाण्याचं आणि गायकाचं नाव लिहायची सोय असते, तेही तपासा. तिच्या जुन्या प्रकारात प्रत्येकी तीसच अक्षरं मावत, पण आठापेक्षा ती बरी. फाइलची तारीख बहुधा शाबूत असते, ती वहीत टिपून ठेवा. नवीन नावं देताना कवीचं नाव पहिलं, कार्यक्रमाचं शेवटी.

यातलं काहीच हाती लागलं नाही, तर सुरुवातीचं मिनिटभर ऐका. कविसंमेलनात निवेदक आधी कवीचं नाव पुकारतो, मग कवी उभा राहतो. ते निवेदन रेकॉर्डिंगमध्ये असेल तर प्रश्न मिटला. पण जागा वाचवण्यासाठी कुणी निवेदन कापून नुसत्या कविता ठेवल्या असतील, तर आवाज ओळखणारा माणूस शोधावा लागेल. त्या मैफलींना पुढच्या रांगेत बसलेली माणसं आता सत्तर-ऐंशीच्या घरात आहेत. त्यांना बोलावू नका, लॅपटॉप घेऊन आपणच त्यांच्याकडे जा, आणि एका बैठकीत दहापेक्षा जास्त फाइली ऐकवू नका.