जुनी डिझेल मोटार : स्वस्त किंमत आणि खरा हिशेब

व्यापाऱ्याच्या दारी मोटार असणे ही एके काळी प्रतिष्ठेची बाब समजली जात असे. आज ती बहुतेकांच्या बाबतीत गरजेची बाब झाली आहे. माल पाहण्यास परगावी जावे लागते, उधारीच्या वसुलीस फिरावे लागते, घरच्या वडीलधाऱ्यांस इस्पितळात न्यावे लागते. अशा वेळी "दोन लाखांच्या आत डिझेल मोटार मिळते आहे" असे कोणी सांगितले, की मन त्या बाजूस ओढ घेते. हा मोह स्वाभाविक आहे. परंतु जो व्यापारी दहा रुपयांच्या खरेदीतही भाव, वजन आणि पावती पाहतो, तोच मोटारीच्या बाबतीत केवळ किंमत ऐकून हुरळतो, असा अनुभव येतो. यास्तव या विषयाचा हिशेब सभासद बंधुभगिनींपुढे मांडण्याचे योजिले आहे.

गेल्या वर्षी निपाणीस दुकान चालविणारा माझा भाचा असाच प्रस्ताव घेऊन आला. "मामा, कोल्हापूरला एक डिझेल मोटार आहे. २०१३ सालची. एक लाख ऐंशी हजार किलोमीटर झाली आहे, पण किंमत अवघी एक लाख नव्वद हजार. घेऊन टाकू का?" ही रक्कम त्याने दिवाळीच्या मालासाठी राखून ठेवली होती. मी त्यास तत्काळ होय अथवा नाही असे उत्तर दिले नाही. त्याचे कारण असे, की याच प्रश्नाचे उत्तर मी स्वतः एकदा चुकीचे दिले होते. ती हकिकत पुढे ओघाने येईलच.

ही मोटार स्वस्त का मिळते?

कोणतीही वस्तू पडत्या भावाने मिळू लागली, की व्यापारी प्रथम त्याचे कारण विचारतो. येथेही तेच करावे. पेट्रोलचे दर जून २०१० मध्ये सरकारी नियंत्रणातून मुक्त झाले. डिझेलचे दर मात्र ऑक्टोबर २०१४ पर्यंत नियंत्रित राहिले. त्यामुळे मधल्या काळात दोन्ही इंधनांच्या दरांत मोठी तफावत पडली. २०१२ च्या मे महिन्यात दिल्लीत ती लिटरमागे तीस रुपयांच्या वर गेली होती. साहजिकच ज्यास परवडेल तो डिझेल मोटार घेऊ लागला. त्या वर्षांत विकल्या गेलेल्या मोटारीच आज जुन्या बाजारात मोठ्या संख्येने आल्या आहेत.

पुढे वारे फिरले. डिझेलचे दर मुक्त झाल्यावर तफावत घटली. दिल्ली व तिच्या परिसरात दहा वर्षांवरील डिझेल वाहनांस राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये मनाई केली व सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती कायम ठेवली. हा नियम आपल्या भागास लागू नसला, तरी त्यामुळे तिकडच्या अनेक मोटारी इतर राज्यांत विक्रीस आल्या. १ एप्रिल २०२० पासून धुराविषयीचे भारत स्टेज सहा हे कडक मानक देशभर लागू झाले आणि मारुती सुझुकीने त्याच सुमारास डिझेल मोटारी बनविणे थांबविले. तात्पर्य, या मोटारी स्वस्त झाल्या त्या सर्वच्या सर्व निकामी आहेत म्हणून नव्हे, तर बाजाराचा त्यांच्याविषयीचा विश्वास उडाला म्हणून. अशा मालात खरा सौदाही सापडतो आणि खोटाही.

एंजिन दणकट, सोबती नाजूक

डिझेल एंजिन दीर्घायुषी असते हा समज निराधार नाही. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ मध्ये ऑग्सबर्ग येथे जे यंत्र यशस्वी करून दाखविले, त्याचे तत्त्व आजही तेच आहे. या एंजिनात इंधन पेटविण्यासाठी ठिणगी लागत नाही. आत घेतलेली हवा मूळ आकारमानाच्या सोळाव्या-अठराव्या हिश्शाइतकी दाबली जाते, त्यामुळे ती अतिशय तापते आणि तीत डिझेलचा फवारा पडताच तो आपोआप पेट घेतो. हा दाब सोसण्यासाठी एंजिनाची घडणच भक्कम ठेवावी लागते. शिवाय ते पेट्रोलच्या एंजिनापेक्षा कमी फेऱ्यांवर काम करते. म्हणून नीट निगा राखलेले एंजिन अडीच-तीन लाख किलोमीटर चालल्याची उदाहरणे विरळ नाहीत.

परंतु गेल्या वीस-पंचवीस वर्षांतील डिझेल मोटारींत या भक्कम एंजिनाभोवती काही नाजूक सोबती आले आहेत. इंजेक्टर सुमारे सोळाशे वातावरणांच्या दाबाने अतिशय बारीक छिद्रांतून डिझेल फवारतो. इंधनात पाणी अथवा घाण असली, की तो आणि त्याचा पंप दोन्ही बिघडतात. टर्बो बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो. वंगण तेल वेळेवर न बदलल्यास त्याचा आस झिजतो. धुराचा काही भाग परत एंजिनात सोडणारी एक झडप असते. मोटार सदैव थोडे-थोडे अंतर चालविली, की ती काजळीने भरून जाते. एंजिन शाबूत असूनही यांपैकी एकेका भागाचे काम हजारोंच्या घरात जाते. जुनी डिझेल मोटार घेणारा एंजिनाच्या कीर्तीवर भाळतो आणि पैसे मात्र या सोबत्यांसाठी मोजतो.

माझी हकिकत ती हीच. २०१७ साली मी एक जुनी डिझेल मोटार पाहताक्षणी घेतली. घरापासून दुकान तीन किलोमीटर. मोटारीचा रोजचा प्रवास तेवढाच. एंजिन पुरते तापण्यापूर्वीच बंद होई. ओळखीच्या मिस्त्रीने दोनदा सांगितले, "साहेब, हिला आठवड्यातून एकदा तरी मोकळ्या रस्त्यावर लांब न्या." मी ते मनावर घेतले नाही. डिसेंबरातील एका रात्री आईस मिरजेच्या इस्पितळातून बेळगावास परत आणीत असता चिकोडीच्या अलीकडे मोटार ओढेनाशी झाली आणि काळा धूर सोडीत थांबली. ती झडप काजळीने गच्च झाली होती आणि एक इंजेक्टर गळत होता. शस्त्रक्रिया झालेल्या आईस बंद चहाच्या दुकानासमोरील बाकावर थंडीत दोन तास बसावे लागले. दुरुस्तीचे पैसे मी कीर्दीत लिहिले. ते दोन तास कोणत्या खात्यावर घालावेत हे मला अद्याप उमगलेले नाही. दोष मोटारीचा नव्हता. तिच्या प्रकृतीस न मानवणारे काम मी तिला दिले होते.

निर्णय महिन्याच्या धावेवर

म्हणून पहिला प्रश्न मोटार किती चालली हा नसून आपण ती किती व कोठे चालविणार हा आहे. भाच्यास मी महिनाभराच्या प्रवासाची टिपण लिहिण्यास सांगितले. त्याचा अंदाज हजार किलोमीटरांचा होता. दुकान व गोदामाच्या फेऱ्या दीडशे, इचलकरंजीच्या दोन खेपा, कोल्हापूरच्या दोन खेपा, असे सारे मिळून प्रत्यक्षात पाचशेच्या आतच भरले.

आता गणित करू. सोयीसाठी पेट्रोल शंभर रुपये व डिझेल नव्वद रुपये लिटर धरू. पेट्रोल मोटार लिटरला १५ किलोमीटर व डिझेल मोटार १८ किलोमीटर चालते असेही धरू. पेट्रोलचा खर्च किलोमीटरला सुमारे ६ रुपये ६७ पैसे येतो, डिझेलचा ५ रुपये. बचत किलोमीटरमागे १ रुपया ६७ पैसे. महिना ५०० किलोमीटर चालविणाऱ्याची वर्षाची बचत १०,००० रुपये होते. महिना २,००० किलोमीटर चालविणाऱ्याची ४०,००० रुपये. पहिल्याची तीन वर्षांची बचत इंजेक्टरांच्या एका मोठ्या कामात निघून जाऊ शकते. दुसरा तेच काम करूनही नफ्यात राहतो. शिवाय त्याची मोटार मोकळ्या रस्त्यावर तापून धावत असल्यामुळे असे काम निघण्याचा संभवही कमी. सभासदांनी आपापल्या गावचे दर घालून हे गणित स्वतः मांडावे.

याच न्यायाने, जास्त चाललेली मोटार नेहमीच वाईट असे मानू नये. हुबळी-कोल्हापूर हमरस्त्यावर एका चालकाच्या हाती दोन लाख किलोमीटर चाललेली मोटार ही शहराच्या गर्दीत ऐंशी हजार चाललेल्या मोटारीपेक्षा पुष्कळदा निरोगी असते. अट एकच: तिच्या निगेचा लेखी पुरावा हवा.

पाहणी कशी करावी

मोटार पाहण्यास सकाळी जावे व विक्रेत्यास आधी एंजिन सुरू न करण्यास सांगावे. बॉनेटवर हात ठेवून ते थंड असल्याची खात्री करावी. तापवून ठेवलेले एंजिन आपली दुखणी लपविते. सुरू करताना धुराचा रंग पाहावा. दाट काळा धूर म्हणजे इंधन अधिक अथवा हवा अपुरी. निळसर धूर म्हणजे वंगण तेल जळते आहे. थंडीत क्षणभर पांढरा धूर येणे क्षम्य. एंजिन तापल्यावरही तो येत राहिल्यास इंजेक्टर अथवा आतील गळती यांचा संशय घ्यावा. एंजिन चालू असता तेल भरण्याचे झाकण सावकाश सैल करून पाहावे. तेथून धूर जोराने उसळत असल्यास सिलिंडर झिजले आहेत असे समजावे. तेलाचा काळा रंग मात्र दोष मानू नये. डिझेल एंजिनात ते लवकरच काळे होते.

किलोमीटरचा आकडा मागे फिरविणे हा या बाजारातील जुना रोग आहे. आकडा साठ हजारांचा, परंतु पायातील पेडलचे रबर गुळगुळीत, सुकाणूचक्र झिजलेले व आसन खचलेले, असे दिसल्यास आकड्यावर विश्वास ठेवू नये. कंपनीच्या अधिकृत कार्यशाळेत वाहन क्रमांकावरून जुन्या कामांची नोंद मिळू शकते. ती विक्रेत्याकडून मागून घ्यावी. गोवा व कोकण किनाऱ्यावरील मोटार असल्यास खालचा पत्रा गंजला आहे काय हे उचलून पाहावे. ज्या कंपनीने भारतातील आपला व्यवसाय आवरला आहे, तिच्या मोटारीचे सुटे भाग आपल्या गावी मिळतात काय, याचीही आधी चौकशी करावी. अखेरीस आपला मिस्त्री बरोबर न्यावा. त्याची मजुरी हा या सौद्यातील सर्वांत सार्थकी लागणारा खर्च होय.

कागद आणि सीमा

आपण सीमाभागातील माणसे. आपल्याला कोल्हापूर, बेळगाव व गोवा ही एकाच बाजारपेठेची अंगे वाटतात. कायद्यास ती तीन राज्ये आहेत. परराज्यातील मोटार बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ आपल्या राज्यात ठेवावयाची असल्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार तिला येथील नवा क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ कार्यालयाचा ना-हरकत दाखला लागतो व येथील कर भरावा लागतो. मूळ राज्यात भरलेल्या कराचा परतावा मागता येतो, परंतु तो हाती येईपर्यंत आपले पैसे अडकतात. कोल्हापुरात स्वस्त वाटलेली मोटार निपाणीस येईपर्यंत तितकी स्वस्त राहत नाही.

खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षे चालते. पुढे तपासणी होऊन ती पाच वर्षांसाठी वाढविता येते. मात्र या नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये करण्यात आले. भाच्याने पाहिलेल्या मोटारीची मुदत २०२८ मध्येच संपणार होती. मोटारीवर कर्जाचा बोजा अथवा दंडाची बाकी नाही, हेही आधी पाहावे.

विकणाऱ्यानेही एक गोष्ट ध्यानी धरावी. नोंदणीपुस्तकात ज्याचे नाव, कायद्याच्या दृष्टीने तोच मालक, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला आहे. पैसे घेऊन किल्ली दिली, पण नाव बदलले नाही, आणि पुढे अपघात झाला, तर भरपाईचा भार जुन्या मालकावर येऊ शकतो. "माणूस ओळखीचा आहे, नाव सावकाश बदलू" असे म्हणू नये.

अखेरचा शब्द

भाच्याने ती मोटार घेतली नाही. पैसे मालात घातले, खेपांसाठी भाड्याची गाडी ठरविली आणि दिवाळीनंतर कमी चाललेली एक जुनी पेट्रोल मोटार शांतपणे पाहून घेतली. त्याच वर्षी आपल्या एका सभासद मित्रांनी, ज्यांस महिन्यास दोन हजारांवर किलोमीटर फिरावे लागते, संपूर्ण नोंदी असलेली जुनी डिझेल मोटार घेतली. किंमतीच्या चौथ्या हिश्शाइतकी रक्कम दुरुस्तीसाठी निराळी ठेवली. ते समाधानी आहेत. दोघांचेही निर्णय बरोबर होते, कारण दोघांनी आधी धाव मोजली व मग भाव विचारला.

आणखी एक. आपण आज घेणारे आहोत, उद्या विकणारे असू. माझी ती मोटार विकताना मी घेणाऱ्यास तिची सर्व दुखणी सांगितली. त्यामुळे वीस हजार कमी आले. ते गृहस्थ आजही माझ्या दुकानी माल घेण्यास येतात.