कपाट टांगण्याआधी भिंतीला विचारा

ओट्यावरची कपाटे घरच्या घरी लावणे अवघड नाही. फक्त हिशेब आधी करायचा आणि भोक नंतर पाडायचे.

स्वयंपाकघरात भिंतीवर कपाटे लावायची म्हटले की घरात चर्चा रंगते ती सनमायकाच्या रंगाची, हँडलच्या नक्षीची आणि सुताराच्या मजुरीची. ज्या भिंतीवर हा सगळा डोलारा टांगायचा, तिची विचारपूस मात्र कुणी करीत नाही. कपाट कितीही मजबूत असो, भिंतीने धरले तरच ते राहते. आणि त्याच्याखाली रोज तासन्‌तास कोण उभे असते, हे गृहिणींना वेगळे सांगायला नको.

दोन सिलिंडरांचे ओझे

आधी वजन पाहू. तीन फूट लांब, दोन फूट उंच आणि एक फूट खोल असे १८ मि.मी. प्लायवूडचे कपाट रिकामेच २५ किलोच्या आसपास भरते. त्यात काचेचा डिनर सेट, डाळी-साखरेचे डबे आणि लोणच्याच्या बरण्या गेल्या की आणखी ३० किलो सहज वाढतात. घरगुती गॅसचे भरलेले सिलिंडर सुमारे ३० किलोचे असते. म्हणजे जवळजवळ दोन भरलेली सिलिंडरे तुमच्या डोक्यावर टांगलेली आहेत, असेच समजा.

हे ओझे कपाटाला नुसते खाली ओढत नाही. कपाट भिंतीपासून फूटभर पुढे आलेले असते, म्हणून त्याची वरची कड भिंत सोडून पुढे यायला बघते. वरच्या हिशेबाच्या कपाटात वरचे स्क्रू साधारण १५ किलोच्या जोराने बाहेर खेचले जातात. कपाटाची उंची निम्मी केली आणि वजन तेवढेच ठेवले, तर हा जोर दुप्पट होतो. म्हणून खरी पकड वरच्या कडेलाच हवी.

एक शहर, अनेक भिंती

रायपूरचेच उदाहरण घ्या. तात्यापाऱ्यात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. तिथल्या आणि पुरानी बस्तीच्या जुन्या घरांत मातीच्या किंवा चुन्यातल्या जाड भिंती अजून सापडतात. नंतरच्या कॉलन्यांत लाल विटा आल्या. नव्या इमारतींत मात्र करड्या राखेच्या विटा किंवा हलके सिमेंट ब्लॉक दिसतात. छत्तीसगडमध्ये कोळशावर चालणारी वीजकेंद्रे पुष्कळ, त्यामुळे राखही पुष्कळ. १९९९ साली केंद्र सरकारने अधिसूचना काढून वीजकेंद्रांच्या आसपास विटांमध्ये ही राख वापरणे बंधनकारक केले. पुढे त्याचे अंतर वाढवत नेले.

तुमची भिंत कुठली, हे ओळखण्याची युक्ती सोपी आहे. कपाटामागे झाकली जाईल अशा जागी ड्रिलने एक बारीक भोक पाडा आणि भुकटी पाहा. आधी प्लास्टरची करडी भुकटी येईल, ती मोजू नका. त्यानंतर लाल भुकटी आली तर भाजलेली वीट. करडी आली आणि ड्रिल बेताने आत गेले तर राखेची वीट. ड्रिल पुढेच जाईना, तर तो काँक्रीटचा खांब किंवा बीम. पांढुरकी भुकटी आली आणि ड्रिल लोण्यात शिरावे तसे गेले, तर हलका ब्लॉक. आणि मऊ माती गळू लागली, तर तिथेच थांबा.

जशी भिंत, तसा आधार

लाल विटेत आणि काँक्रीटमध्ये नायलॉनचा प्लग आणि जाड स्क्रू उत्तम धरतो. राखेची चांगली वीटही धरते, पण हॅमरच्या धक्क्याने तिचा कोपरा फुटू शकतो. म्हणून तिथे ड्रिल हॅमर बंद करून चालवा. हलक्या ब्लॉकमध्ये साधा प्लग फिरत राहतो. त्यासाठीचे खास प्लग मिळतात, तेच घ्या. साडेचार इंची पातळ भिंत असेल, तर आरपार बोल्ट घालून पलीकडे लोखंडी पट्टी बसवणे सर्वांत सुरक्षित.

मातीच्या भिंतीवर जड कपाट टांगूच नये. तिथे वजन जमिनीवर उतरवा. उरला-सिलतरासारख्या औद्योगिक वसाहतींच्या या शहरात लोखंडी अँगल मिळायला अडचण नाही. पाय असलेली अँगलची चौकट करून घ्या आणि भिंतीचा उपयोग फक्त ती पुढे कलू नये एवढ्यापुरताच करा.

लाकडाच्या खुंट्या ठोकून त्यांत स्क्रू मारण्याची जुनी रीत आता सोडलेली बरी. रायपूरच्या मे महिन्यात पारा ४४ अंशांवर जातो तेव्हा लाकूड आकसते, पावसाळ्यात ते फुगते. अशा दोन-चार वर्षांत खुंटी सैल होते आणि बाहेरून काहीच कळत नाही.

टांगण्याची रीत

प्रथम मेन स्विच कुठे आहे ते पाहून ठेवा. स्विचबोर्डाच्या आणि नळाच्या सरळ वर-खाली भोक पाडू नका, कारण वायर आणि पाइप बहुधा त्याच रेषेत असतात. पलीकडे न्हाणीघर असेल तर अधिक जपा. गॅसच्या शेगडीच्या डोक्यावर कपाट नकोच.

कपाट थेट भिंतीत न ठोकता आधी पट्टी बसवा. १८ मि.मी. जाड प्लायची पट्टी लांबीत ४५ अंशांत तिरकी कापा. एक भाग भिंतीवर, दुसरा कपाटाच्या पाठीमागे वरच्या कडेला. दोन्ही एकमेकांत अडकतात आणि वजन वाढेल तशी पकड घट्ट होते. बाजारात तयार लोखंडी रेलही मिळते. कपाटाची पातळ पाठ मात्र भार घेणार नाही. तिथे आतून जाड पट्टी लावून ती दोन्ही बाजूंच्या फळ्यांना जोडा.

स्क्रूची लांबीही मोजून घ्या. १८ मि.मी. पट्टी, १५ ते २० मि.मी. प्लास्टर आणि विटेत निदान ५० मि.मी., म्हणजे चार इंची स्क्रू हवा. टाइल असेल तर तिची जाडी त्यात मिळवा. टाइलवर चिकटपट्टी लावून हॅमर बंद ठेवून भोक पाडले की ती तडकत नाही. भोकातली धूळ सायकलच्या पंपाने उडवा, नाहीतर प्लग धरत नाही. पट्टीला तीन फुटांत निदान चार स्क्रू द्या. लेव्हल पाहा आणि कपाट चढवताना दोघांनी हात द्या.

तांदळाची परीक्षा

कपाट लागले म्हणून लगेच काचेचा सेट मांडू नका. वरच्या कडेशी भिंतीवर पेन्सिलीने रेघ ओढा. मग तांदळाच्या दहा-दहा किलोच्या तीन पिशव्या आत ठेवा. छत्तीसगड म्हणजे धानाचे कोठार, तेव्हा घरोघरी तांदूळ असणारच! एक दिवस तसेच राहू द्या आणि मुलांना त्या ओट्याजवळ फिरकू देऊ नका. दुसऱ्या दिवशी कड रेघेवरून हलली असेल किंवा मागे पोस्टकार्ड शिरेल एवढी नवी फट पडली असेल, तर कपाट रिकामे करून उतरवा आणि भोके दुसरीकडे पाडा.

परीक्षेत पास झाले तरी जड डबे खालच्या कप्प्यात भिंतीलगत ठेवा. दरवर्षी पावसाळा सरला की तांदळाच्या पिशव्यांविना, नुसत्या हाताने कपाट हलवून पाहायला विसरू नका.