गाडी चालू होत नाही? आधी ऐका, मग हात लावा



या पानावर मी नेहमी बेणे, लागण, खते आणि हुमणी यांविषयी लिहितो. आज विषय गाडीचा आहे. “ऊसवाल्या साहेबाला गाडीतलं काय कळतंय?” असे कोणी म्हणेल. म्हणणे खरे आहे. कळत नव्हते, म्हणूनच हा लेख लिहायची वेळ आली.

२७ जुलै २०१९ ला ठाणे जिल्ह्यात उल्हास नदीला मोठा पूर आला होता. आपल्या कोल्हापूरकडे निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणी दरम्यान पाण्यात अडकली आणि हजाराच्या आसपास प्रवासी बाहेर काढावे लागले, हे आपणास आठवत असेल. माझी थोरली बहीण कल्याणला असते. तिच्या इमारतीच्या आवारात गाडीच्या बॉनेटपर्यंत पाणी चढले होते. पाणी ओसरल्यावर दाजींचा फोन आला, “पाव्हणं, गाडी चालू हुईना. किल्ली फिरवली की नुसतं टक् वाजतंय.” मी इथे बांधावर उभा राहून ऐटीत सांगितले, “बॅटरी उतरली असंल दाजी. चार पोरं बोलवा, धक्का मारा आणि दुसऱ्या गिअरात सोडा.”

त्यांनी तसे केले. आतून एक दणका बसला आणि गाडी जागेवर थांबली. मिस्त्रीने इंजिन उघडले, तर दोन कनेक्टिंग रॉड वाकलेले. भाचीच्या कॉलेजच्या फीसाठी ठेवलेले पैसे त्या इंजिनात गेले. दाजींनी आजवर मला एका शब्दाने बोलून दाखवले नाही, तेच जास्त लागते.

चूक कुठे झाली? सिलिंडरमध्ये पिस्टन वर येताना हवा दाबतो. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. आत पाणी असेल तर पिस्टन अडतो. स्टार्टरला तो ढकलता येत नाही, म्हणून टक् वाजून सगळे थांबते. पण धक्का मारल्यावर अख्ख्या गाडीचे वजन चाकांतून इंजिनावर येते आणि मग रॉड वाकतो. त्या ‘टक्’ची कारणे अनेक होती, मी एकच धरून बसलो. उसाचा गड्डा सुकू लागला की आपण पाणी देतो. उपटून बघावे तर मुळ्या हुमणीने खाल्लेल्या. तसेच हे.

धक्का मारायची सवय आपल्याला जुन्या गाड्यांनी लावली. डोंबिवलीजवळ कल्याण-शीळ रस्त्यावर पूर्वी प्रीमियर कंपनीचा मोटारींचा कारखाना होता. ही कंपनी १९४४ साली वालचंद हिराचंद यांनी काढली. साखर धंद्यातही त्यांचे नाव मोठे. रावळगाव आणि वालचंदनगर ही त्यांचीच उभारणी. प्रीमियरच्या पद्मिनी गाडीला कार्ब्युरेटर आणि डिस्ट्रिब्युटर असे. पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटरचे टोपण कोरड्या फडक्याने पुसले, धक्का मारला, की बहुधा काम भागे. आजच्या गाड्यांत इंधन सोडण्याचे काम संगणक करतो. बॅटरी पूर्ण मेली असेल तर त्यालाच वीज मिळत नाही, मग धक्का मारून उपयोग काय?

म्हणून गाडी अडली की पुढील क्रमाने जावे.

पहिला प्रश्न : गाडी पाण्यात होती का? असेल तर किल्लीला हात लावू नका. बॅटरीची वजा बाजूची वायर काढा. ऑइलची पट्टी बघा. ऑइल दुधाच्या चहासारखे दिसले तर आत पाणी गेले आहे. एअर फिल्टर ओला असेल तरीही तोच संशय धरा. मिस्त्री स्पार्क प्लग, डिझेल असेल तर इंजेक्टर किंवा ग्लो प्लग काढून इंजिन हाताने फिरवील व पाणी बाहेर काढील. आणखी एक गोष्ट. पाण्यातली गाडी चालू करून इंजिन मोडले, तर साध्या विम्यात ती भरपाई बहुधा मिळत नाही. इंजिन संरक्षणाची जोड घेतली आहे का, हे आजच कागदावर बघा.

दुसरा प्रश्न : किल्ली फिरवल्यावर आवाज कसा येतो? हेडलाइट लावून किल्ली फिरवा.

दिवे एकदम मंदावले आणि टक्-टक् आवाज आला, तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल सैल आहे. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुवा, घट्ट करा, वर व्हॅसलीन लावा. काढताना वजा आधी, बसवताना वजा शेवटी. मीटर असेल तर भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. १२ च्या खाली गेली तर ती चार्ज करावी लागेल.

दिवे लख्ख राहिले आणि इंजिन हलले नाही, तर दोष स्टार्टर, त्याचे सोलेनॉइड किंवा वायरिंगमध्ये शोधावा. काही गाड्या क्लच पूर्ण दाबल्याशिवाय स्टार्टर फिरवत नाहीत, तेही आधी बघावे.

इंजिन जोरात फिरते पण पेट घेत नाही, तर बॅटरीला दोष देऊ नका. इंधन किंवा ठिणगी पोचत नाही. पेट्रोल गाडीत किल्ली ‘ऑन’ केल्यावर टाकीकडून पंपाचा बारीक गुणगुणाट बहुधा ऐकू येतो. तो बंद असेल तर फ्यूज बघा. डिझेल गाडीत व ट्रॅक्टरमध्ये टाकी कोरडी पडून नळीत हवा शिरते, फिल्टरमध्ये पाणी साठते. हातपंपाने हवा काढावी. थंडीत ग्लो प्लगचा दिवा विझेपर्यंत थांबावे. आणि आपल्या भागात उंदीर वायरी कुरतडतात, म्हणून बॉनेट उघडून एकदा नजर टाकावी.

दुसऱ्या गाडीची बॅटरी जोडताना लाल वायर अधिक ते अधिक लावा. काळी वायर चांगल्या बॅटरीच्या वजाला आणि तिचे दुसरे टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब लावा. बॅटरीतून पेट घेणारा हायड्रोजन वायू निघतो. त्या वेळी जवळ विडी-काडी नको.

गळीत हंगाम तोंडावर आहे. तोडलेला ऊस फडात आणि ट्रॅक्टर बंद, अशी वेळ आली की प्रत्येक तासाला वजन घटते, उताराही घसरतो. त्या घाईतच माणूस “मार धक्का” म्हणतो. वाहतूकदार सभासदांनी हंगामापूर्वी बॅटरी, टर्मिनल आणि डिझेल फिल्टर एकदा तपासून घ्यावेत.

आणि फोनवर कोणी सल्ला विचारला, तर उत्तराआधी आपण दोन प्रश्न विचारावेत. मी त्या दिवशी “दाजी, गाडी पाण्यात होती का?” एवढेच विचारायला हवे होते.

आपला,
ऊस विकास अधिकारी