चाकाची रुंदी आणि ऑफसेट : पूर्णांक संख्यांचा रस्त्यावरचा पाठ



गाडीला मोठी, रुंद मॅग व्हील बसवायची हौस आता फक्त मुंबई-पुण्याची राहिली नाही. मेहकर, चिखली, खामगाव, मलकापूर, कुठंही बघा, एमएच २८ पासिंगच्या एखाद्या गाडीची चाकं मडगार्डच्या बाहेर डोकावताना दिसतातच. बारावी झालेला मुलगा गाडी हातात आली की पहिला हट्ट याचाच धरतो. दुकानात विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, "बसते ना भाऊ!" पण चाक बसणं वेगळं आणि चालणं वेगळं. चाक चालेल की नाही हे दोन संख्यांवर ठरतं : रुंदी आणि ऑफसेट. त्यांचा हिशेब सहावीच्या पूर्णांक संख्यांएवढाच आहे. म्हणूनच हा विषय पाठ म्हणून घेतला.

चाकावर काय लिहिलेलं असतं?

अलॉय चाकाच्या आतल्या बाजूला किंवा आऱ्यांच्या पाठीमागे अशी खूण कोरलेली असते : १७ × ७ जे, ईटी ४८.

यातला १७ म्हणजे चाकाचा व्यास, इंचात. ७ म्हणजे रुंदी, तीही इंचात. ही रुंदी टायरच्या दोन कडा जिथं बसतात त्या दोन जागांमधली असते. रिमच्या बाहेरच्या काठांपर्यंत मोजली तर ती साधारण इंचभर जास्त भरते. त्यामुळे मुलांनी पट्टी लावून "सर, हे तर आठ इंच भरतं" म्हटलं तर दचकू नका. 'जे' हे रिमच्या काठाच्या आकाराचं नाव आहे. आणि ईटी ४८ म्हणजे ऑफसेट ४८ मिलिमीटर. ईटी हे 'आइनप्रेसटीफे' या जर्मन शब्दाचं लघुरूप आहे.

ऑफसेट म्हणजे काय?

आपल्या भाषेत 'चाकोरी' हा शब्द आहे. बैलगाडीच्या चाकांनी वाटेवर पडलेले दोन खोल चर म्हणजे चाकोरी. गाडीच्या दोन चाकांमधलं अंतर चाकोरीशी जुळलं की गाडी सुखानं चालते. एक चाक चरात आणि दुसरं काठावर असेल तर बैलांना ओढ लागते आणि आस कुरकुरतो. म्हणजे चाक आसावर नेमकं कुठं उभं आहे हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. मोटारीत त्याच प्रश्नाचं नाव ऑफसेट.

आता फळ्यावर एक संख्यारेषा काढा. चाकाच्या रुंदीचा बरोबर मध्य म्हणजे शून्य. रस्त्याकडची, म्हणजे बाहेरची बाजू धन. शॉकअपकडची, म्हणजे आतली बाजू ऋण. चाकाचा जो सपाट भाग गाडीच्या हबला टेकतो आणि नट-बोल्टनी आवळला जातो, तो या रेषेवर जिथं येतो ती संख्या म्हणजे ऑफसेट. ईटी ४८ म्हणजे तो भाग मध्यापासून ४८ मिमी बाहेरच्या बाजूला आहे.

हब तर जागचा हलत नाही. म्हणून ऑफसेटची संख्या मोठी असेल तर चाक मडगार्डच्या आत सरकतं आणि लहान असेल तर बाहेर येतं. ऋण असेल तर आणखी बाहेर. मुलांचा इथं हमखास गोंधळ होतो, म्हणून रेषा पुसू नका.

हिशेब करून पाहू

आपल्या जिल्ह्यात खरी स्पोर्ट्स कार क्वचितच दिसते, पण उदाहरण तिचंच घेऊ. २०१२ मध्ये आलेली टोयोटा ८६ ही दोन दारांची जपानी स्पोर्ट्स कार. तिचं १७ इंची मूळ चाक ७ जे, ईटी ४८ आणि टायर २१५/४५ आर १७.

७ इंच म्हणजे ७ × २५.४ = सुमारे १७८ मिमी. त्याचे निम्मे ८९. म्हणजे संख्यारेषेवर बाहेरची कड +८९ वर, आतली कड -८९ वर आणि हब +४८ वर.

हबपासून बाहेरची कड : ८९ - ४८ = ४१ मिमी
हबपासून आतली कड : ४८ - (-८९) = ४८ + ८९ = १३७ मिमी

'ऋण संख्या वजा केली की अधिक का होते?' हा प्रश्न दरवर्षी येतो. त्याचं उत्तर इथं हातानं दाखवता येतं : शून्याच्या अलीकडचं अंतरही मोजावं लागतं, म्हणून.

आता हौशी मालकाला साडेआठ इंची चाक घ्यायचंय. रुंदी सुमारे २१६ मिमी, निम्मे १०८. तीन पर्याय तपासू.

पहिला पर्याय, ८.५ जे ईटी ४८ : बाहेर ६०, आत १५६. चाक दोन्ही बाजूंना १९ मिमी वाढलं. बाहेरून फारसं काही वाटणार नाही, पण आत १९ मिमी म्हणजे जवळजवळ दोन सेंटिमीटर. चाक शॉकअपला टेकण्याची भीती इथं आहे.

दुसरा पर्याय, ८.५ जे ईटी ३५ : बाहेर ७३, आत १४३. आत फक्त ६ मिमी वाढलं, पण बाहेर तब्बल ३२. शिवाय प्रत्येक चाकाचा मध्य १३ मिमी बाहेर गेला, म्हणजे गाडीची 'चाकोरी' २६ मिमीनं रुंदावली.

तिसरा पर्याय, ७.५ जे ईटी ४५ : निम्मी रुंदी ९५. बाहेर ५०, आत १४०. बाहेर ९ आणि आत ३ मिमी. बदल बेताचा आहे.

यातून लक्षात ठेवायची गोष्ट एकच. नुसती रुंदी किंवा नुसता ऑफसेट पाहून काहीच कळत नाही. दोन्ही घेऊन बाहेरचं आणि आतलं अशी दोन अंतरं काढावीच लागतात. बाहेरचं डोळ्यांना दिसतं, म्हणून त्याचीच चर्चा होते. आतलं दिसत नाही आणि घात तिथंच होतो. हबवर १० मिमीचा स्पेसर टाकला तर ऑफसेट १० नं कमी झाला असं धरून हाच हिशेब करायचा.

टायर जुळायला हवा

२१५/४५ आर १७ टायरसाठी प्रमाणित रिम ७ ते ८ इंचांचं असतं. म्हणजे वरचं साडेआठ इंची चाक मूळ टायरला चालतच नाही. तरीही चढवलं तर टायरच्या भिंती ताणल्या जातात आणि खड्ड्यात रिमच्या काठाला थेट मार बसतो. रुंद चाकाबरोबर टायरचाही खर्च येतो, हे पालकांनी आधीच धरावं.

टायर बदलताना बाहेरचा व्यास तोच राहायला हवा. कंपन्या हे कसं सांभाळतात ते बघा. २०१८ च्या पिढीतल्या मारुती स्विफ्टला खालच्या प्रकारात १६५/८० आर १४ आणि वरच्या प्रकारात १८५/६५ आर १५ टायर होते. गणित करा :

१४ × २५.४ + २ × (१६५ × ०.८०) = ६१९.६ मिमी
१५ × २५.४ + २ × (१८५ × ०.६५) = ६२१.५ मिमी

चाक एक इंचानं वाढलं, पण बाहेरचा व्यास जेमतेम २ मिमीनं बदलला. त्याच स्विफ्टला कुणी १९५/६५ आर १५ चढवला तर व्यास ६३४.५ होतो, म्हणजे २ टक्के जास्त. स्पीडोमीटर त्या प्रमाणात वेग कमी दाखवतो आणि मडगार्डमधली जागाही कमी होते.

रुंद टायर नेहमीच चांगला, असंही नाही. पोर्शे ९११ कॅरेराच्या ९९२ पिढीत पुढचे टायर २३५ आणि मागचे २९५ मिमीचे आहेत, कारण इंजिन मागे आहे आणि ढकलणारी चाकंही मागचीच आहेत. रुंदी वजन आणि ताकद पाहून ठरलेली असते.

चुकलं तर काय होतं?

रिकाम्या गाडीत सगळं ठीक वाटतं. राजूर घाटाच्या वळणावर पाच माणसं आणि सामान घेऊन गाडी झुकली की टायर मडगार्डला घासतो. चाक फार बाहेर गेलं की हबच्या बेअरिंगवर तरफेसारखा जास्तीचा भार येतो. खड्ड्यात स्टिअरिंगला झटका बसतो आणि दोन बाजूंचे ब्रेक सारखे लागले नाहीत तर गाडी एकीकडे जास्त ओढते.

समृद्धी महामार्ग सिंदखेडराजा आणि मेहकर तालुक्यांतून जातो. तिथं मोटारींना ताशी १२० किमीची मर्यादा आहे. या वेगाला गाडी सेकंदाला ३३.३ मीटर जाते. स्विफ्टच्या चाकाचा परीघ सुमारे १.९५ मीटर. म्हणजे चाक सेकंदाला १७ फेरे घेतं. घासणारी कड टायरला सेकंदाला १७ वेळा कापते. गावात महिनाभर टिकणारा दोष तिथं किती वेळ टिकेल, हे मुलांनाच विचारा.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्यानं दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच स्पष्ट केलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ अ नुसार बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. मुलाच्या हौसेची जबाबदारी नोंदणी पुस्तकात ज्याचं नाव आहे त्याच्यावर येते, आणि ते बहुतेक वेळा बापाचं असतं. सगळ्यात सरळ वाट म्हणजे त्याच गाडीच्या वरच्या प्रकाराला कंपनीनंच दिलेलं चाक घेणं.

खरेदीआधी तपासा

१. जुन्या आणि नव्या चाकाची रुंदी व ईटी कागदावर लिहून आतलं-बाहेरचं अंतर काढा.
२. बोल्टची संख्या व त्यांच्या वर्तुळाचा व्यास (पीसीडी) आणि मधल्या छिद्राचं माप हबशी जुळतं का ते पाहा. स्विफ्टची पीसीडी ४ × १०० आहे. '४ × १०८ पण बसते' कुणी म्हटलं तर तिथून उठा.
३. चाकाची भारक्षमता व प्रमाणचिन्ह आणि टायरचा लोड इंडेक्स बघा. ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलो. मूळपेक्षा कमी नको.
४. चाक बसवल्यावर स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवा. मग माणसं बसवून पुन्हा फिरवा आणि आत हात घालून जागा मोजा.
५. बदल विमा कंपनीला लेखी कळवा.

वर्गासाठी उपक्रम

शाळेच्या आवारात उभ्या गाड्यांच्या टायरवरचे आकडे मुलांना लिहून आणायला सांगा आणि प्रत्येकाचा बाहेरचा व्यास काढून घ्या. मग हा प्रश्न द्या : मूळ चाक ७ जे ईटी ४८ आहे. ८ जे चाकाची आतली कड जराही आत जाऊ नये, तर ईटी किती हवा? (उत्तर : सुमारे ३५.) आणि तेव्हा बाहेरची कड किती पुढे येईल? (१ इंच, म्हणजे सुमारे २५ मिमी.)

ज्या मुलाला हे उत्तर स्वतः काढता आलं, तो दुकानदाराला "ईटी किती आहे?" असं नक्की विचारेल. पालकांनीही हट्टाला सरळ 'नाही' म्हणण्याआधी त्याच्यापुढे कागद-पेन्सिल ठेवावी. हिशेब जुळला तर बोलणं पुढं न्यावं. नाही जुळला, तर नकार आकड्यांनीच दिलेला असतो.