गावचा खेळाडू आणि गावची नोंद

(बी. ए. भाग २)

‘काखेत कळसा आणि गावाला वळसा’ अशी आपल्याकडे म्हण आहे. खेळाडूंच्या बाबतीत ती फार लागू पडते. क्रिकेटच्या सामन्यात कोणी किती धावा काढल्या, हे कामरगावातले लहान पोरही घडाघडा सांगेल. पण मागच्या वर्षी आपल्याच गावातून जिल्ह्याच्या स्पर्धेला कोण गेले होते, असे विचारले तर मोठी माणसेही एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. गुणी खेळाडूची ओळख कोणी करावयाची, कशी करावयाची, आणि निरनिराळ्या खेळांतील खेळाडूंना एकाच मापाने मोजता येते काय, या प्रश्नांचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम सरकारी व्यवस्था पाहू. केंद्र सरकारचा अर्जुन पुरस्कार १९६१ साली सुरू झाला. महाराष्ट्र शासनाचा शिवछत्रपती क्रीडा पुरस्कार १९६९-७० पासून दिला जातो. त्यात केवळ खेळाडूंचाच विचार होतो असे नाही. मार्गदर्शक, दिव्यांग खेळाडू, साहसी खेळ करणारे आणि आयुष्यभर खेळाची सेवा करणारे यांनाही त्यात स्थान आहे. कबड्डीतील ज्येष्ठ खेळाडू शकुंतला खटावकर यांना २०२३-२४ चा जीवनगौरव पुरस्कार मिळाला, तो याच योजनेत. याच्या खाली जिल्हा क्रीडा पुरस्कार आहेत. शालेय स्पर्धांची रचनाही अशीच पायरीपायरीची आहे. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि मग राष्ट्र.

म्हणजे शिडी उभी आहे. परंतु या शिडीवर चढताना प्रत्येक पायरीवर कागद लागतो. पुरस्कार आपण होऊन कोणाच्या घरी चालत येत नाही. अर्ज भरावा लागतो, प्रमाणपत्रे जोडावी लागतात, त्यांची तपासणी होते आणि कामगिरीला गुण दिले जातात. ज्याच्या घरात कोणी कधी अर्ज भरलेला नाही, त्याचा मुलगा कितीही वेगाने धावला तरी तो तपासणाऱ्या अधिकाऱ्याला दिसणार कसा?

ओळख उशिरा होणे म्हणजे काय, हे समजण्यास खाशाबा जाधवांचे उदाहरण पुरेसे आहे. साताऱ्यातील कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तो सहावा आला. १९५२ साली हेलसिंकीला जाण्यास पैसा नव्हता, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी फ्रीस्टाइल कुस्तीत कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. त्यानंतरचे वैयक्तिक पदक टेनिसपटू लिएंडर पेसने मिळविले ते १९९६ साली, म्हणजे चव्वेचाळीस वर्षांनी! असे असूनही खाशाबांना अर्जुन पुरस्कार जाहीर झाला २००० साली. १९८४ सालीच अपघातात त्यांचा अंत झाला होता. आता त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, हा राज्य क्रीडादिन म्हणून पाळला जातो.

मात्र या कथेची दुसरी बाजू मला अधिक महत्त्वाची वाटते. हेलसिंकीहून परत आल्यावर कराडपासून गोळेश्वरपर्यंत १५१ बैलगाड्या सजवून लोकांनी त्यांची मिरवणूक काढली, असे सांगतात. अर्जुन पुरस्काराला जे सुचायला अठ्ठेचाळीस वर्षे लागली, ते बैलगाडी हाकणाऱ्या शेतकऱ्यांना त्याच वर्षी कळले होते. गावाला पारख नसते असे कोण म्हणेल?

सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर यांचीही कथा अशीच आहे. ते सैन्यात होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचे शरीर लुळे पडले. त्यांनी पोहण्याचा सराव केला आणि १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक जिंकले. त्यांना पद्मश्री मिळाली २०१८ साली आणि अर्जुन जीवनगौरव मिळाला जानेवारी २०२५ मध्ये. सुदैवाने हा सन्मान घेण्यास ते स्वतः हजर होते.

आता दुसरा प्रश्न. कुस्तीगीर, धावपटू, खो-खोचा गडी आणि बुद्धिबळपटू यांत श्रेष्ठ कोण? माझ्या मते हा प्रश्नच चुकीचा आहे, कारण प्रत्येक खेळाचे माप वेगळे असते. धावण्याला घड्याळ आहे आणि उडीला फीत आहे. बीड जिल्ह्यातील मांडव्याचा अविनाश साबळे कोणत्याही देशात धावला तरी सेकंद तेच असतात. कुस्तीत घड्याळ उपयोगाचे नाही, समोरचा मल्ल कोण होता हे पाहावे लागते. दुबळ्या मल्लाला चीत करणे आणि तगड्या मल्लाशी गुणांवर हरणे, यांत कधी कधी दुसरीच कामगिरी मोठी असते. मल्लखांबाला पंचांची नजर लागते. मल्लखांबासाठी आयुष्य वेचणाऱ्या उदय देशपांडे यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा या मातीतल्या खेळाचेही मोल मान्य झाले.

सांघिक खेळात तर फार बारकाईने पाहावे लागते. खो-खोत आक्रमणात किती गडी टिपले आणि संरक्षणात किती वेळ तग धरला, या दोन्ही गोष्टींची नोंद हवी. नुसता ‘संघ जिंकला’ एवढा शेरा असला तर त्या संघाला तारणारी मुलगी कायमची झाकली जाते. दिव्यांग खेळाडूंचे शारीरिक अडचणीप्रमाणे वर्ग केलेले असतात. आटपाडी तालुक्यातील करगणीच्या सचिन खिलारी याने २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्यपदक मिळविले, ते हाताचे अपंगत्व असणाऱ्यांच्या वर्गात. म्हणून प्रत्येक खेळातला उत्तम खेळाडू त्याच्याच खेळाच्या मापाने निवडावा, आणि स्पर्धा कोणत्या पातळीची होती हे शेजारी लिहावे, हाच न्याय्य मार्ग होय.

आपल्या वऱ्हाडात गुणी खेळाडू निपजत नाहीत, अशी कोणाची समजूत असेल तर ती सोडून द्यावी. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचे. त्याच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीसारख्या देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली. आपल्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्याचा प्रथमेश जावकर आणि नागपूरचा ओजस देवतळे हे २०२३ च्या हांगचौ आशियाई स्पर्धेत तिरंदाजीचे सांघिक सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय संघात होते. नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला. त्या वेळी ती एकोणीस वर्षांची होती, म्हणजे माझ्याच वयाची. आणि खो-खो? जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला झालेल्या पहिल्या विश्वचषकात भारताच्या दोन्ही संघांनी अजिंक्यपद मिळविले. त्यांचे कर्णधार प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोघेही महाराष्ट्राचेच. आमच्या शाळेच्या मैदानावर जो खेळ आम्ही अनवाणी खेळलो, तोच हा खेळ.

ओळख ही केवळ हारतुऱ्यांची हौस नव्हे. दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. त्यासाठी प्रमाणपत्राची क्रीडा खात्याकडून पडताळणी व्हावी लागते. माझी एक आत्येबहीण शाळेत असताना खो-खोत विभागापर्यंत खेळून आली. प्रमाणपत्र कोणी जपून ठेवले नाही आणि शाळेतही त्याची नोंद सापडली नाही. पुढे एका ठिकाणी संघाची निवड होती. तेथे तिला विचारले, “कुठवर खेळलीस? कागद दाखव.” तिच्याजवळ दाखवायला काही नव्हते. घरची माणसे तर आधीपासूनच म्हणत होती, “खेयून काई पोट भरत नाई, पोरी.” वर्षभरात तिचे लग्न झाले. आज ती निंदणाला जाते तेव्हा शेताचा धुरा एका उडीत ओलांडते, आणि बरोबरच्या बाया हसतात. ती कोण होती, हे त्यांना ठाऊक नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी मी पहिल्यांदा चढले, त्यामुळे कागदाची किंमत मलाही येथे आल्यावरच कळली. खेळणाऱ्या किती मुलींना ती वेळेवर कळत असेल?

मग आपण काय करावे? पोळ्याच्या दिवशी आपल्याकडे गावोगावी उत्तम बैलजोडी निवडून तिला बक्षीस देतात. सारा गाव तोरणाखाली जमतो, जाणती माणसे बैलाची वशिंड, शिंगे, चाल पाहतात आणि निकाल देतात. ही पारख आपल्याजवळ परंपरेने आहे, ती आपल्या मुलामुलींकडेही वळवावी, एवढेच माझे म्हणणे आहे. ग्रामपंचायतीत किंवा वाचनालयात एक जाड वही ठेवावी. तीत खेळाडूचे नाव, खेळ, वयोगट, स्पर्धेची तारीख व पातळी, मिळालेला क्रमांक, लागलेला वेळ किंवा अंतर लिहावे आणि खाली शिक्षकांची सही घ्यावी. प्रमाणपत्राची एक प्रत त्याच पानाला लावावी. मुलींची, दिव्यांगांची आणि हरलेल्या पण चांगल्या खेळलेल्यांचीही नोंद व्हावी. वर्षातून एकदा, १५ जानेवारीला किंवा मेजर ध्यानचंदांच्या जन्मदिनी २९ ऑगस्टला, ती पाने ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावीत. जुने मल्ल आणि कबड्डीपटू अजून आपल्यात आहेत. त्यांच्या तोंडून मागची हकीकत लिहून घेण्याचे काम आपण विद्यार्थ्यांनी सुटीत करावे. याला ना मोठे अनुदान लागते, ना मंत्र्यांची तारीख.

वही एका रुपयाचीही पदके देऊ शकणार नाही, हे खरे. परंतु उद्या गावातली एखादी मुलगी निवडीसाठी उभी राहील आणि तिला कोणी “कागद दाखव” म्हणेल, तेव्हा तिला मान खाली घालावी लागणार नाही. आपल्या महाविद्यालयात आजूबाजूच्या अनेक खेड्यांतून विद्यार्थी येतात. प्रत्येकाने आपापल्या गावी अशी एक वही सुरू करावी, अशी माझी सर्व बंधुभगिनींना नम्र विनंती आहे.